गोत्र, गाव आणि गादी : आपल्या घराण्याचा माग काढताना

महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या जैन व्यापारी घरांना एक प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातो : ‘आपण मूळचे कुठले?’ वास्तविक आपल्यापैकी अनेकांच्या चार-पाच पिढ्या याच मातीत जन्मल्या. मुले मराठी शाळेत शिकली, दुकाने येथल्या बाजारपेठेत उभी राहिली, सुखदुःखाचे सोबतीही येथलेच. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी सुमारे १४ लाख एकट्या महाराष्ट्रात राहतात. इतर कोणत्याही राज्यात ही संख्या एवढी नाही. तरीही प्रश्न सुटत नाही आणि आपण त्याचे उत्तर एका शब्दात देऊन मोकळे होतो : ‘मारवाडचे’, ‘काठेवाडचे’, ‘कच्छचे’.

पण कोणी पुढे विचारले की, मारवाडातील गाव कोणते, तेथून प्रथम कोण निघाले, कोणत्या संवतात निघाले, त्यांच्याबरोबर कोण होते, तर बहुतेक घरांत शांतता पसरते. पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार या मराठीभाषी दिगंबर बांधवांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे मूळ येथलेच. प्रस्तुत लेख मुख्यत्वे बाहेरून येऊन येथे वसलेल्या, त्यातही मारवाडातून आलेल्या ओसवाल घराण्यांविषयी आहे. मात्र शोधाची रीत सर्वांना उपयोगी पडावी.

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे एक सवय अंगवळणी पडली आहे. तोंडी सांगितलेल्या रकमेला किंमत नसते. तिला कागदाचा आधार लागतो. एका कागदातील रक्कम दुसऱ्या वहीशी जुळली, तरच ती खरी. सेवानिवृत्तीनंतर आमच्या घराण्याची वंशावळ लिहावयास घेतली, तेव्हा हीच शिस्त कामी आली. घराण्याचा इतिहास हीदेखील एक खतावणीच आहे. तिच्यात जमा आहे, नावे आहे, काही नोंदी गहाळ आहेत आणि तेरीज जुळेपर्यंत झोप लागत नाही.

दख्खनची वाट

आपले पूर्वज ‘लोटा आणि दोरी’ घेऊन आले, असे घरोघरी सांगतात. त्यात तथ्य आहे. पण सर्वजण एकाच वेळी आणि एकाच कारणाने आले नाहीत. मुघल काळापासून मारवाडी व्यापारी दूरदूर पसरत होते. ओसवाल समाजातील गेलडा गोत्राचे हिरानंद साहू १६५२ साली नागौरहून निघून पाटण्यास गेले. त्यांचे पुत्र माणिकचंद मुर्शिदाबादेस स्थिरावले आणि त्याच घराण्यास पुढे ‘जगत् सेठ’ ही पदवी मिळाली. नागौरच्या एका माणसाने उचललेल्या पावलातून बंगालची सर्वांत मोठी पेढी उभी राहिली.

दख्खनेत मारवाडी वस्ती पेशवाईतही तुरळक होती. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर मात्र ही आवक वाढत गेली. त्याची कारणे व्यवहारातील होती. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून रयतवारी पद्धतीची नवी जमीनमोजणी लागू झाली आणि ती पुढे सर्वत्र पसरली. सारा ठरलेल्या तारखेस रोखीने भरावयाचा होता. पीक हाती येण्यापूर्वी शेतकऱ्यास रोकड हवी आणि ती देणारा कोणीतरी गावात हवा. ती जागा आपल्या पूर्वजांनी घेतली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा पैशाचा ओघ आणखी वाढला.

दुसरे कारण आगगाडी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५८ मध्ये पुणे, १८६० मध्ये सोलापूर आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड असे मार्ग सुरू झाले. शेवटच्या मार्गाने अहमदनगर रेल्वेला जोडले गेले. १८८१ च्या सुमारास राजपुतान्यातून अजमेरमार्गे अहमदाबादपर्यंत मीटरगेजचा सलग मार्ग झाला. तत्पूर्वी जो प्रवास उंट, बैलगाडी आणि पायी करण्यास महिने लागत, तो काही दिवसांवर आला. म्हणून आपल्या घरात ‘पायी आले’ अशी आठवण असेल तर ती पिढी बहुधा रेल्वेपूर्वीची, आणि ‘गाडीने आले’ असे सांगत असतील तर ती त्यानंतरची. एवढ्या साध्या खुणेवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

तिसरे कारण दुष्काळ. संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छपनिया’ राजस्थानात आजही विसरला गेलेला नाही. त्या वर्षी माणसे आणि गुरे दोन्ही गेली. अनेक कुटुंबे आधी दक्षिणेत आलेल्या काका-मामांच्या आधाराने इकडे आली. एक माणूस आधी येतो, मुनीम म्हणून राहतो, आपली गादी घालतो, मग भावाला आणि मेहुण्याला बोलावतो. आपली बहुतेक घराणी अशीच साखळीने आली. म्हणून एका घराचा माग लागत नसेल, तर ज्या पेढीवर पूर्वजांनी प्रथम नोकरी केली, त्या पेढीचा माग काढावा.

आडनाव काय सांगते?

शोधाची पहिली पायरी म्हणजे आपले नाव नीट वाचणे. आपली आडनावे साधारणतः तीन प्रकारची असतात. काही गोत्रवाचक, जसे चोरडिया, बोथरा, लोढा. काही पदवाचक : कोठारांचा अधिकारी तो कोठारी, भांडाराचा तो भंडारी, संघ काढणारा तो संघवी किंवा सिंघवी. ‘मुथा’ आणि ‘मेहता’ ही दोन्ही कारभारी या अर्थाच्या जुन्या शब्दाची रूपे. काही आडनावे व्यवसायाची, जसे गांधी, झवेरी, बोहरा. पदवाचक आणि व्यवसायवाचक आडनावाच्या मागे मूळ गोत्र निराळे असू शकते. दोन कोठारी एकाच गोत्राचे असतीलच असे नाही. म्हणून वंशावळीत आडनाव आणि गोत्र यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत.

परंपरेनुसार ओसवालांचे मूळ जोधपूरजवळील ओसियां येथे. रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने तेथील लोक जैन झाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथील महावीर मंदिर आठव्या शतकातील, प्रतिहार राजा वत्सराज याच्या काळाशी जोडलेले मानले जाते. ओसियांची कथा ही आपल्या समाजाची स्मृती आहे, तिचा आदर राखावा. परंतु आपल्या घराण्याची कागदोपत्री वंशावळ लिहिताना ओसियांपासून खाली न येता आजपासून मागे जावे. बँकेत आपण शिल्लक आजच्या दिवशी तपासतो आणि मग मागील नोंदींकडे वळतो, तसेच हे.

कुलगुरूंची वही आणि वहीवंचे

राजस्थानात ओसवाल घराण्यांच्या वंशावळी राखणारे कुलगुरू किंवा महात्मा, तसेच भाट यांची परंपरा मोठी होती. गुजरातेत हेच काम वहीवंचा बारोट करीत. काही वर्षांच्या अंतराने ते यजमानांच्या गावोगावी जात, घरी उतरत, जुनी वंशावळ वाचून दाखवीत, नवे जन्म आणि विवाह नोंदवीत आणि दक्षिणा घेऊन पुढील गावी निघत. यजमान पाचशे कोस दूर गेला तरी त्याचे नाव वहीतून गळू नये, हा त्यांचा कसब आणि त्यावरच त्यांची उपजीविका.

दक्षिणेतील आपल्या घरांत या कुलगुरूंची फेरी कमी कमी होत गेली. वडीलधाऱ्यांना आठवत असेल की, कधीकाळी दिवाळीनंतर लांब पगडीचे एक गृहस्थ लाल कापडात बांधलेली वही घेऊन येत आणि घरातील स्त्रिया त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करीत. त्यांची पुढची पिढी नोकरीधंद्यात गेली. काही घरांत वह्या अद्याप जपून ठेवल्या आहेत, काही वाळवीने खाल्ल्या. ज्यांना आपल्या कुलगुरूंचे गाव ठाऊक आहे, त्यांनी ही भेट पुढे ढकलू नये.

मात्र या वहीकडे श्रद्धेबरोबर डोळसपणेही पाहावे. जुन्या पिढ्यांच्या नोंदी पुष्कळदा प्रत करताना उतरवून घेतलेल्या असतात. अगदी वरच्या पिढ्यांत राजे आणि चमत्कार येतात. शेवटच्या सात-आठ पिढ्यांची नोंद, जी प्रत्यक्ष यजमानाच्या ओसरीवर बसून केली, ती अधिक भरवशाची.

तिथीचा ताळा

येथे एक तांत्रिक गोष्ट सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे अनेकांचा हिशेब चुकतो.

आमच्या पणजोबांच्या निधनाची तिथी कुलगुरूंच्या वहीत संवत् १९५७, वैशाख वद ५ अशी होती. आमच्या दुकानाच्या जुन्या रोजमेळात मात्र त्यांच्या क्रियाकर्माचा खर्च संवत् १९५६, चैत्र वद ५ नंतरच्या पानांवर पडलेला. एक वर्ष आणि एक महिना असा फरक पाहून नातलगांपैकी काहींनी ठाम मत दिले की, हे दोन निरनिराळे गृहस्थ असले पाहिजेत. वस्तुतः दोन्ही तिथी एकच आहेत.

राजस्थानात महिना पौर्णिमेस संपतो, गुजरात-महाराष्ट्रात अमावास्येस. त्यामुळे शुक्ल पक्ष दोहोंकडे एकाच नावाचा, पण वद्य पक्षाचे नाव एक महिना पुढे-मागे. आपला चैत्र वद तो तिकडचा वैशाख वद. शिवाय उत्तरेत विक्रम संवत् चैत्रात बदलतो, तर गुजराती रीतीच्या वह्यांत तो दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बदलतो. म्हणजे चैत्रापासून आश्विनापर्यंत दोन्ही संवतांत एकाचा फरक राहतो. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या की ताळा बसतो : एप्रिल १९०० चा तिसरा आठवडा, ऐन छपनियाचा काळ. मारवाडच्या दरबारी दप्तरात तर वर्ष श्रावणापासून धरीत, हेही लक्षात ठेवावे.

वाचकांच्या सोयीसाठी स्थूल नियम असे. कार्तिकी विक्रम संवतातून इसवी सन काढताना कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारी ते आश्विनापर्यंत ५६ वजा करावेत. चैत्री संवतातून चैत्र ते डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारी ते फाल्गुनापर्यंत ५६. शके असेल तर ७८ मिळवावेत; पौष-माघानंतरच्या तिथी जानेवारीपुढे गेल्यास ७९. कार्तिकी विक्रम संवतात ४७० मिळविले की वीर निर्वाण संवत् येतो. सरकारी कागदात फसली सन दिसल्यास दख्खनेत त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावेत.

वही वाचण्याची अडचण वेगळीच. आपल्या जुन्या वह्या मुडिया किंवा महाजनी लिपीत असतात आणि त्यात काना-मात्रा बहुधा गाळलेल्या. ‘काकाजी अजमेर गये’ असे पत्र आले आणि ते ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाली, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ती विनोदाने सांगितली जाते. पण वंशावळ लिहिणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी. एकाच अक्षरसमूहातून दोन-तीन नावे निघत असतील, तर दुसरा कागद मिळेपर्यंत निर्णय देऊ नये. महाराष्ट्रातील जुने सरकारी आणि खाजगी कागद मोडी लिपीत आहेत. सुदैवाने अलीकडे जुन्या नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना पुन्हा मागणी आली असून मोडीचे वर्गही चालतात. महाजनी वाचणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. घरात असे कोणी वृद्ध मुनीम अथवा आजोबा असतील, तर त्यांच्यासमोर आजच वही उघडावी.

ज्या वह्या जळाल्या

पुणे आणि नगर जिल्ह्यांतील पुष्कळ घराण्यांना १८७५ पूर्वीची एकही वही सापडत नाही. याचे कारण आपण प्रांजळपणे समजून घेतले पाहिजे. कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढविण्यात आला होता आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवे करावे लागे आणि प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिळे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात उद्रेक झाला आणि तो आसपासच्या तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता. तो कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ती मिळाली की जाळली जात. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कागदपत्रांत सावकारांची नावे, गावे आणि व्यवहार यांचा तपशील आला. अशा रीतीने जी वही जळाली, तिच्या मालकाचे नाव काही ठिकाणी आयोगाच्या कागदात शिल्लक राहिले.

हे वाचताना मनाला क्लेश होतात, हे मी जाणतो. आपल्या पूर्वजांनी अपार कष्ट केले, परक्या मुलुखात पत निर्माण केली, हे खरे. त्यांच्यापैकी काहींच्या व्याजाने शेतकऱ्याचे घर मोडले, हेही कागद सांगतो. ज्या वहीत केवळ जमेची बाजू लिहिली आहे, तिला कोणी हिशेबाची वही म्हणणार नाही. अपरिग्रह आणि अहिंसा यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने तरी आपल्या इतिहासाची नावे बाजू झाकू नये. मुलांना दोन्ही सांगावे. त्यांना ते पेलते.

या उद्रेकानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांची कर्जखते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करणे आवश्यक झाले. पावत्या आणि हिशेबाचा उतारा देणे सावकारावर बंधनकारक झाले. या नोंदींमध्ये सावकाराचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि राहण्याचे गाव येत असल्याने वंशावळीच्या दृष्टीने त्या मोलाच्या आहेत.

सरकारी दप्तरातील आपण

तलाठी आणि नगर भूमापन कार्यालयांतील जुने उतारे हे सर्वांत सोपे साधन. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, मालक मयत झाल्यावर वारसांची नोंद होते. मृत्यूचा दिनांक, मुलगे, विधवा, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलीदेखील. नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जन्मगाव आणि जात सापडते. येथे एक सावधगिरी बाळगावी : जातीच्या रकान्यात ‘मारवाडी’, ‘वाणी’, ‘गुजर’ असे कारकुनाला जे सुचले ते लिहिलेले असते. सख्ख्या दोन भावांच्या दाखल्यांत दोन जाती दिसल्या तरी दचकू नये.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद आहेत. मूळ गावाकडील शोधासाठी बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागार आहे. जोधपूरचे दिवाण मुंहता नैणसी हे सतराव्या शतकातील, स्वतः ओसवाल मुणोत. त्यांचा ‘मारवाड रा परगना री विगत’ हा ग्रंथ गावोगावची माहिती देतो. आपल्या मूळ गावाचे नाव बदललेले किंवा अपभ्रंश झालेले असेल, तर परगण्यासह शोधण्यास तो उपयोगी पडतो. जुनी समाजपत्रेही पाहावीत. सोलापुरात १८८४ साली ‘जैन बोधक’ सुरू झाले, तेव्हापासून आपल्या समाजाच्या छापील नोंदी मराठीत आहेत.

वंशावळीचा व्यावहारिक उपयोगही थोडा नव्हे. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्यांचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. परंतु आजोबांचे कागदोपत्री पूर्ण नाव आणि वारसांची साखळी ठाऊक नसेल, तर समोर रक्कम दिसूनही हक्क शाबीत करता येत नाही.

आई, आजी आणि धातुप्रतिमा

बहुतेक वंशावळींत पुरुषांची नावे एकाखाली एक लागतात आणि स्त्रिया गळतात. तरीही आपल्या परंपरेत स्त्रीच्या कुळाची आठवण राखणाऱ्या दोन वाटा आहेत.

पहिली म्हणजे विवाहाच्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या चार साखा : स्वतःचे गोत्र, आईचे, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे. यामुळे प्रत्येक घरात निदान तीन स्त्रियांचे माहेर आजही तोंडपाठ आहे. जुन्या लग्नाच्या टिपणांत मामांची नावे असतात. ती फेकून न देता एकत्र केली, तर एका पिढीचा अर्धा वृक्ष आपोआप उभा राहतो.

दुसरी वाट मंदिरातील धातुप्रतिमांची. प्रतिमेच्या पाठीवर बारीक अक्षरांत संवत्, तिथी, ज्ञाती, गोत्र, भरविणाऱ्याचे नाव, प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव आणि गच्छ कोरलेले असते. ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘सा.’ म्हणजे साह, ‘भा.’ म्हणजे भार्या, ‘सु.’ म्हणजे सुत. आईच्या किंवा पत्नीच्या श्रेयासाठी प्रतिमा भरविली, तर तिचे नाव तेथे येतेच. पाचशे वर्षांपूर्वीच्या सामान्य गृहिणींची नावे अशा लेखांतून टिकली आहेत. पूरणचंद नाहर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे लेख गोळा करून तीन भागांत प्रसिद्ध केले. आपल्या गावच्या मंदिरातील प्रतिमांचे लेख विश्वस्तांच्या अनुमतीने, पूजाविधीस बाध न आणता उतरवून घेणे हे कोणत्याही संघाला सहज करता येईल. हस्तलिखित ग्रंथांच्या अखेरीस असलेल्या पुष्पिकांतही ग्रंथ लिहवून घेणाऱ्या कुटुंबाची नावे असतात. स्थानकवासी घरांना प्रतिमांचा आधार नसला, तरी दीक्षा आणि चातुर्मास यांच्या नोंदी आहेत. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचा जन्म १९०० साली नगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे गुगळे कुटुंबात झाला. अशा चरित्रांतून एका लहान खेड्यातील ओसवाल वस्तीचा काळ निश्चित होतो.

दत्तकाचा प्रश्न

आमच्या घराण्यात सर्वांत अवघड प्रसंग आला तो पाचव्या पिढीपाशी. महाजनी वहीतील एका खर्चाच्या नोंदीवरून स्पष्ट झाले की, आमचे खापरपणजोबा या घरात जन्मले नव्हते. ते दत्तक आले होते, आणि तेही निराळ्या गोत्रातून. एका विधवा स्त्रीने पतीच्या पश्चात दुकान सांभाळले, मारवाडातून आपल्या माहेरचा एक मुलगा आणला आणि त्याला गादीवर बसविले. वहीत तिचे नाव नाही; ‘बाईसा’ एवढाच उल्लेख. आज आम्ही सर्वजण जे या आडनावाने ओळखले जातो, ते त्या एका निर्णयामुळे.

कुटुंबाच्या बैठकीत यावर दोन तट पडले. घरातील ज्येष्ठ काकासा म्हणाले, “हे लिहायचे नाही. लोक म्हणतील, यांचे गोत्रच खरे नाही. नातवंडांची लग्ने व्हायची आहेत.” त्यांच्या भीतीला अर्थ होता, म्हणून कोणीही ती हसण्यावारी नेली नाही. धाकट्या सुनेने मात्र नम्रपणे विचारले, “काकासा, साखा टाळायच्या तर खरे गोत्र कळायला नको का?” या प्रश्नाला उत्तर नव्हते.

मी तेव्हा जगत् सेठांचे उदाहरण पुढे केले. माणिकचंद निपुत्रिक होते. त्यांनी बहिणीचा मुलगा फतेहचंद यास दत्तक घेतले, आणि मुघल बादशहाकडून ‘जगत् सेठ’ ही वंशपरंपरागत पदवी १७२३ च्या सुमारास मिळाली ती याच फतेहचंदांना. ज्या घराण्याच्या हुंडीवर बंगालचा महसूल दिल्लीला जात असे, त्याचा कीर्तिमान पुरुष भाचा होता. त्यामुळे घराण्याची पत कणभरही कमी झाली नाही. दत्तक म्हणजे वंशावळीतील खाडाखोड नव्हे. ती रीतसर केलेली नोंद आहे.

अखेर असे ठरले की, दोन्ही कुळे लिहावीत : एक जन्मकुळ, एक दत्तककुळ, दोन निराळ्या शाईंनी. आणि त्या बाईसांसाठी एक स्वतंत्र चौकट ठेवावी. त्यांचे माहेरचे गोत्र आम्हाला मुलाच्या जन्मकुळावरून मिळाले; नावाची जागा रिकामी ठेवली आहे. काकासांनी वंशावळीच्या शेवटच्या पानावर स्वहस्ते सही केली.

बनारसीदासांचा धडा

आपल्या समाजात आत्मवृत्त प्रांजळपणे लिहिण्याची परंपरा नवी नाही. श्रीमाळ कुळातील व्यापारी आणि कवी बनारसीदास यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे झाला. १६४१ मध्ये आग्र्यास असताना त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र रचले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून आपल्या पंचावन्न वर्षांची ती अर्धी कथा. तिचा आरंभ ते घराण्यापासून करतात : रोहतकजवळील बिहोली हे गाव, त्यावरून पडलेले बिहोलिया गोत्र, मग आजोबा मूलदास, वडील खरगसेन. आजोबा माळव्यात एका मुघल सरदाराचे मोदी होते. त्यांच्या मृत्यूनंतर सरदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहान मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी गेली. घराण्याची दिशा तेथे बदलली. पुढे स्वतःच्या व्यापारातील तोटेही बनारसीदास न लपवता सांगतात. चारशे वर्षांनंतर त्यांची मालमत्ता कोठेही नाही. ही नोंद आहे.

आपण कवी नसलो, तरी वही सर्वांच्या घरी आहे. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी दुकानाच्या वहीबरोबर आणखी एक कोरी वही पूजावी. पहिल्या पानावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे नाव, गोत्र, जन्मगाव आणि चार साखा लिहाव्यात. दुसऱ्या पानावर त्यांच्या आई-वडिलांची. प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या आधारावर केली ते लिहावे : तोंडी, वही, सरकारी उतारा किंवा शिलालेख. जे ठाऊक नाही त्यासाठी जागा मोकळी सोडावी; अंदाजाने भरू नये. वृद्धांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. जुन्या वह्यांची छायाचित्रे काढून घरातील तीन जणांकडे प्रती ठेवाव्यात. आणि दुकानाचे नूतनीकरण निघेल तेव्हा माळ्यावरील लाल बासने रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. त्यांत एखाद्या बाईसांचे नाव निघेल.

पुढील पिढी पुणे-मुंबईच काय, परदेशातही जाईल. तिलाही तेथे विचारले जाईल, ‘आपण मूळचे कुठले?’ तिला मारवाडातील गाव सांगता यावे, आणि त्याच श्वासात महाराष्ट्रातील ते खेडेही, जेथे पूर्वजांनी गादी घातली. दोन्ही गावे आपलीच आहेत.

जय जिनेंद्र.